डाव्या खांद्यावरची बंदूक

प्रिय आई,
दोन्ही हात जोडून नमस्कार.

काल मी हवेत उडवलेल्या पंचवीसपैकी एकोणीस मातीच्या चकत्या बंदुकीनं फोडल्या. गुण लिहिणाऱ्या काकांनी दोनदा मोजून खात्री केली. संघात यायला वीस लागतात.

त्याआधी महिनाभर नेम चुकतच होता. आमच्या प्रशिक्षक बाई सत्तरीच्या, पण एकावर एक दोन नळ्यांची बंदूक छत्रीसारखी उचलतात. माझे डोळे तपासून म्हणाल्या, "अगं, तुझा नेम डाव्या डोळ्याचा. लहानपणी डावखुरी होतीस ना?"

"आईनं सवय मोडली."

"मग आता बंदूक डावीकडे घे. आईला मी सांगते!"

डावा खांदा थोडा काळानिळा झालाय, पण जेवणखाण व्यवस्थित आहे. तुझा गुडघा कसा आहे?

रविवारी निवड आहे. बाई मागे उभ्या राहणार आहेत, आणि मी डावीकडूनच मारणार आहे. रागावू नकोस.

तुझीच,
डावरी