देवघरातली डबल बेल

अहो ड्रायव्हरसाहेब,

नमस्कार नाही घालत, रागावले आहे. तुम्ही गेल्यापासून देवघरातली घंटी मी वाजवलेली नाही. आरती नुसत्या टाळ्यांवर चालली आहे. आज मागच्या गल्लीतल्या गुरुजींची बायको, शांताबाई, ती घंटी मागायला आली, म्हणून लिहायला बसले.

गुरुजींनाही तुमचाच आजार, पार्किन्सन. उंबऱ्याशी आले की पाय जमिनीला चिकटतात. आठवतं ना? तुम्हीही असेच अडकायचात. मी हात ओढायला गेले की खेकसायचात, "हात लावू नगं! पडंन मी." खरं दुखणं मला ठाऊक होतं. माणसांनी भरलेली गंगाखेड-पालम एसटी जन्मभर चालवली, आणि आता मोरीपर्यंतसुद्धा बायकोनं धरून न्यायचं, हे तुम्हाला सोसत नव्हतं.

परभणीच्या फिजिओथेरपीच्या मॅडमनी व्यायाम दिले. पाय उचलून लांब टाका, हातांना मोठे झोके द्या, वळताना जागच्या जागी फिरू नका, मोठा वळसा घ्या. तेवढं लगेच पटलं! "गाडी वळवायला जागा लागतीच की," म्हणालात. बाकीच्या व्यायामाला मात्र काय ते नखरे! पाय अडला की ठेका द्या, असं मॅडमनी सांगितलेलं, म्हणून मी "एक-दोन, एक-दोन" म्हणायची. तुम्ही ढिम्म. एकदा चिडून विचारलं, "आता कशाची वाट बघायलाव?"

"बेल कुठं झाली?"

थट्टाच केलीत. पण मी घंटी उचलली, टण् टण् वाजवली, आणि तुमचा पाय उचलला! मॅडम हसल्या. म्हणाल्या, "हाच ठेका ठेवा, पण व्यायाम चुकवू नका." आजार काही गेला नाही. तरी पुढे पुष्कळ दिवस मोरीपर्यंत तुम्ही आपल्या पायांनी गेलात, मी नुसती मागे कंडक्टर. शेजारीण विचारायची, "वहिनी, दिवसभर कसली पूजा चालू हाय वो?"

कंडक्टरची डबल बेल झाल्याशिवाय गाडी जागची हलवली नाही, हे किती वेळा ऐकवलंत मला! मग त्या सकाळी? मी चहा टाकायला गेले, आणि तुम्ही बेल न होताच निघालात. घंटी हातात घेतली की तेच आठवतं आणि रडू येतं.

शांताबाईला आधी नाहीच म्हटलं. ती म्हणाली, "आत्ता बी उंबऱ्यात उभे हायत. पोरगी धरून हाय. मी कुठवर ओढू?" मग काय, गेले घंटी घेऊन. टण् टण् केलं. गुरुजी जागचे हलेनात. मास्तर माणूस, त्यांना डबल बेल काय कळणार! मग शाळा सुटल्यासारखी घणघण वाजवली. गुरुजी हसले, आणि उंबरा ओलांडून अंगणात आले! मी तिथंच पदर डोळ्यांना लावला.

घंटी त्यांना दिली नाही. रोज मीच घेऊन जाईन, आणि मॅडमना विचारून गुरुजींचे व्यायामही करून घेईन. उद्यापासून देवालाही घंटी मिळेल. हा माझा शब्द.

तुम्ही तेवढा खिडकीजवळच्या जागेवर माझ्यासाठी रुमाल टाकून ठेवा. मला यायला वेळ आहे. मी काही तुमच्यासारखी बेलशिवाय निघणार नाही.

तुमची कंडक्टर,
सुमन