डब्याआधीचा नैवेद्य

आई, गेल्या सोमवारी सकाळी मी देव्हाऱ्यातल्या देवांना आंघोळ घातली, पुसलं, नव्या पंच्यावर एका टोपलीत ठेवलं आणि मग कुकर लावला. ही दोन कामं एकाच सकाळी करायची नसतात, हे करताना कळत होतं. पण दादा लाटंबार्शाहून रिक्षा घेऊन देव न्यायला येणार होता, आणि आम्हां तिघांचे डबेही व्हायला हवे होते. तुझी सून, जिला तू पाहिलं नाहीस, तिला कारखान्याची बस न्यायला येते तेव्हा आमच्या पार्शाच्या रस्त्यावरचे दिवे अजून जळत असतात. तिच्यामागून मुलगी कॉलेजला निघते आणि मी पणजीची गाडी धरतो. दिवसभर घराला कुलूप असतं.

सकाळचं रांधणं आता माझ्याकडे आहे. तू हसशील. भात कुठल्या बाजूने शिजतो हे न कळणारा तुझा धाकटा आता रात्री झोपण्याआधी चवळी किंवा मूग भिजत घालतो. कुकरच्या खालच्या भांड्यात डाळ, वरच्यात भात, तेवढ्या वेळात दुसऱ्या शेगडीवर भाजी. रविवारी दोन नारळ खवून फ्रीजमध्ये ठेवले की आठवड्याचं अर्धं काम हलकं होतं. अगदीच उशीर झाला तर रात्रीच्या भाताला मोहरी-कढीपत्त्याची फोडणी आणि बाजूला दही. त्याहून उशीर झाला तर पाव विकणाऱ्या पोदेराची सायकल वाजेपर्यंत थांबायचं आणि पावात सुकी भाजी भरायची. ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा डिचोलीचा गृहस्थ माझा डबा उघडला की आधी वास घेतो आणि म्हणतो, "आज तुज्या बायलेन रांदूंक ना, तुवें रांदलां." कशावरून, तर फोडणी करपलेली असते. ते खरंही असतं. पण भूक भागते, बाहेरचं खावं लागत नाही, आणि बस चुकत नाही. यापलीकडे डब्याकडून कुणी काय मागावं?

अडचण डब्याची नव्हतीच, देवाची होती. तुझ्या घरात दुपारी भात झाला की केळीच्या पानावर नैवेद्य, आणि त्यानंतरच माणसांची पानं, हे चुकलं नाही. हिला नोकरी लागेपर्यंत ते आमच्याकडेही चाललं. नंतर दुपारी घरात माणूसच उरलं नाही. मी सकाळी दिवा लावून वाटीत साखर ठेवू लागलो आणि रविवारी तेवढा भाताचा नैवेद्य. बरेच महिने असं चाललं. मग एका बुधवारी दादा काही कामाने पेडण्याला आला, दुपारी घराकडे वळला आणि कुलूप बघून परत गेला. संध्याकाळी त्याचा फोन. "दनपारां तुमच्या घराक कुलूप. देवांनी काय चावी घेवन बसाचां? हांगा हाड तेंका. तुझी वहिनी घराच आसता, एक दीस नैवेद्य चुकूचो नाय." मी म्हटलं, बघतो. तो म्हणाला, "बघूक काय तां? सोमवारी येतंय." आणि फोन ठेवला. त्याचं चूक होतं असं मला म्हणता येईना. पण रोज सकाळी ज्या कोपऱ्यासमोर उभा राहिल्याशिवाय मी घराबाहेर पडत नाही, तो कोपरा रिकामा होणार, हेही मला सोसेना. ही म्हणाली, "तुम्ही काय ता ठरवा, पण बस येवच्या आधी ठरवा."

तेव्हापासून तुला एकच गोष्ट विचारायची आहे, आणि ती तुझ्याशिवाय कुणाला माहीत नाही. मी तिसरीत किंवा चौथीत असेन. शाळेतून मधल्या सुट्टीत येतो, भाताच्या तपेल्यावरचं झाकण सरकवतो आणि बाजूच्या फणसाच्या भाजीतली एक फोड उचलतो. तू करवंटीच्या डवलीने हातावर मारतेस. "देवाच्या आधी तुका भूक लागली? बस थंय." मी तुळशीपाशी बसून सगळ्यांची जेवणं होईपर्यंत आतले आवाज ऐकतो. त्या दिवशी नियम मला कायमचा कळला असं वाटलं होतं. आणि मग त्याच पावसाळ्यात तो दुसरा दिवस येतो. बाबा तेव्हा पणजीच्या बसवर कंडक्टर. त्यांच्या डब्यात भाकरी आणि सुकी चटणी जायची, कारण भाकरीचा नैवेद्य नसतो, तिला देवासाठी थांबावं लागत नाही. पण गिरण बंद होती, पीठ संपलं होतं, पोदेर आला नव्हता. दुपारचा भात तू त्या दिवशी लवकर घातला होतास. रस्त्यावर बसचा हॉर्न वाजतो, बाबा खाकी शर्टाची बटणं लावत अंगणात उभे, आणि तू तपेल्याचं झाकण काढून भात सरळ डब्यात भरतेस, वर डाळ ओततेस. मी दाराशी दप्तर घेऊन उभा. मी विचारतो, "नैवेद्य जावंक नाय मगे?" तू वर न बघता म्हणतेस, "देवाक घाई नाय. तुझ्या बापाशीक आसा."

मी दुपारी परत आलो तेव्हा नैवेद्याचं पान देवासमोर होतं आणि भातावर वाफ होती. तो भात त्याच तपेल्यातला होता, की तू चूल पुन्हा पेटवून देवासाठी वेगळा मूठभर घातला होतास? मी तेव्हा विचारलं नाही. लहान होतो, आणि हातावरची डवली विसरलो नव्हतो. आता रोज सकाळी कुकरच्या शिट्या मोजताना तोच भात माझ्या डोळ्यांपुढे येतो. एकच भात असेल तर तुझ्या नियमाला माणसाच्या भुकेपुरती फट होती. पुन्हा घातला असशील, तर ती फट मी मनाने पाडली आहे.

दादाला विचारलं, तर तो म्हणाला, "परत घातलोच आसतलो. आई ती!" हिला विचारलं, तर ती म्हणाली, "घरात पाच माणसां, भिजलेली लाकडां, आणि परत चूल पेटवतली? माझ्यान तरी झाला नसता." दोघांनीही आपापल्या सोयीची आई सांगितली. मुलगी म्हणाली, "बाबा, देवाकय एक डबो भरा. भूक लागली की उघडून खातले." तिला मी रागावलो, आणि मग बसमध्ये पणजी येईपर्यंत तिच्याच बोलण्याचा विचार करत बसलो. शेवटी देवळात भटजींना गाठलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "शास्त्र काय म्हणता तां सांगूं, काय मी घराकडे काय करतंय तां सांगूं?" ही दोन उत्तरं वेगळी असतील हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी एकही न विचारता नमस्कार करून परतलो.

तर सोमवार. टोपलीत देव, शेगडीवर कुकर. सोमवार म्हणजे शिवराक, तेव्हा कांदा नाही, मासळीचं नुस्तं नाही. मोड आलेले मूग होते. फ्रीजमधलं खोबरं काढलं आणि हातातच राहिलं. हे ताजं की शिळं? डब्यासाठी हा प्रश्न मला कधी पडला नव्हता, त्या दिवशी का पडावा? ते परत ठेवलं, विळी घेतली आणि अर्धा नारळ खवला. ही केस विंचरता विंचरता बघून गेली. मग अंगणातून केळीचं पान कापून आणलं, त्यावर भात, डाळ, मुगाची उसळ, दही वाढलं, तुळशीचं पान ठेवलं, आणि टोपलीतले देव एकेक करून परत जागेवर बसवले. हे करायचं असं मी ठरवलं नव्हतं. हात ते करत होते आणि मी बघत होतो. पाणी फिरवलं, डोळे मिटले. आम्ही जे खाणार ते हेच आहे, एवढंच म्हटलं. मग डबे भरले.

ही आणि मुलगी गेल्यावर दादा आला. "आवरलां मां? रिक्षा भायर उबी आसा."

मी म्हटलं, "दादा, देव जेवले. आता ते खंय जायत नाय."

त्याने दारातूनच आत पानाकडे बघितलं. "ह्या वेळार? अरे, सूर्य तरी बरो वयर येवंदी."

"आमी ह्याच वेळार रांदतंव."

"आणि उद्या डब्यात नुस्तां आसतलां, तेन्ना?"

"भात-डाळ आधी देवाक. नुस्तां मागीर."

मला वाटलं, आता बाबांसारखा आवाज चढवील. पण त्याने चपला काढल्या, हात धुतले, पानावरचा भात आणि थोडी उसळ तळहातावर घेतली आणि देवाकडे तोंड करून खाल्ली. पुन्हा उसळीचा एक घास मागून घेतला. मग म्हणाला, "बरां. तुझ्या वहिनीक सांगतंय," आणि रिकामी रिक्षा घेऊन लाटंबार्शाला गेला.

दुपारी ऑफिसात डबा उघडला. पहिल्याच घासाला कळलं की उसळीत मीठ नाही. नैवेद्याआधी चाखायचं नसतं, म्हणून घरी ते कळायला मार्गच नव्हता. तेवढ्यात हिचा फोन आला, "मीठ विसरलात मां?" शेजारचा डिचोलीकर हसत सुटला. मीही हसलो, आणि मध्येच थांबलो. दादाने ती उसळ दोनदा खाल्ली होती.

त्याला मी अजून विचारलेलं नाही. रोज सकाळी नैवेद्य दाखवतो आणि मग डबे भरतो. लाटंबार्शाला तसं कळवूनही टाकलं आहे. ते बरोबर आहे का, हे मला अजूनही माहीत नाही, आई, आणि हा कागद तुला कुठून पोचणार? पण देव घरीच आहेत.