जाऊबाईंच्या वाट्याची अर्धी गोळी

ती. थोरल्या जाऊबाई यांस,

धाकटीचा नमस्कार. (वाकून नव्हे, लिहून. गुडघे वाकायला तयार नाहीत, आणि वाकले तरी समोर तुमचे पाय कुठे आहेत?) इकडे सगळं ठीक आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं, खरं काय ते पुढे येईलच. तुमची प्रकृती कशी आहे? डोळ्यांत थेंब वेळेवर घालता ना, की नातवामागे धावताना विसरता? सूनबाई चहात साखर बेताचीच घालते ना? चिरंजीवांना आशीर्वाद. त्यांना म्हणावं, काकू अजून आहे, फोन केला तर उचलते.

तर झालं असं, की विमा कंपनीची यंदाची पुस्तिका आली. दरवर्षी ही आली की तुम्ही भिंग घेऊन खिडकीशी बसायच्या आणि मी भाजी निवडत नुसतं हूं हूं म्हणायची. कोणतं औषध कंपनी देते, कोणतं अर्धंमुर्धं देते आणि कोणत्याच्या बाबतीत हात वर करते, हे तुम्हाला तोंडपाठ. मला वाटायचं, दोघे भाऊ जन्मभर रंगाच्या कारखान्यात राबले, त्यांच्यामागे कारखान्याने आपल्या दोघींना मिळून एक कार्ड दिलं, कार्ड दाखवलं की औषध मिळतं, त्यात वाचायचं काय एवढं? आता स्वतः वाचतेय तर नाकी नऊ आलेत. औषधांना म्हणे पायऱ्या असतात. पहिल्या पायरीवरचं जवळजवळ फुकट, दुसऱ्या पायरीवर थोडी पदरमोड, आणि तिसरीवर गेलात की कंपनी ओळखच दाखवत नाही. काहींना आधी परवानगी काढावी लागते. काहींची तर आणखी गंमत. आधी स्वस्तातलं घ्या, त्याने गुण आला नाही असं डॉक्टरांकडून लिहून आणा, मग महागातलं देऊ. (आपल्या सासूबाईंची तऱ्हा अगदी हीच होती. नवं पातेलं मागितलं की आधी जुन्याचं भोक दाखवा! त्या असत्या तर कंपनीने त्यांना मोठ्या पगारावर ठेवून घेतलं असतं.)

पुस्तिकेत दुसरी बातमी अशी, की आपला कोपऱ्यावरचा औषधवाला कंपनीच्या यादीतून उडाला. आता पुलापलीकडच्या मोठ्या दुकानात जायचं. गेले. काचेमागे एक बाई, केसांत पेन खोचलेली, नजर कॉम्प्युटरवर. कार्ड दिलं, चिठ्ठी दिली. तिने विचारलं, कार्डावर नावं दोन, गोळी रोज एक, हे कसं काय? आता तुम्हाला काय सांगायचं, सगळी करामत तुमचीच. डॉक्टरांनी दोघींना ब्लडप्रेशरसाठी पाच मिलिग्रॅमची गोळी लिहिली होती. पाचची बसली होती तिसऱ्या पायरीवर आणि दहाची पहिल्या. ते तुम्ही पुस्तिकेतून हुडकून काढलंत आणि डॉक्टरांकडून दहाची लिहून आणलीत, दोघींत एक, अर्धी अर्धी. मी हे सगळं त्या बाईला समजावून सांगितलं, थोडं कौतुकानेच. ती म्हणाली, छान, मग दुसऱ्या बाई कुठे आहेत? मी म्हटलं, मुलाकडे गेल्यात, पंधरा दिवसांसाठी. कधी? आठ महिने झाले.

मग त्यांची अर्धी कोण घेतं, असं तिने विचारलं. कोणी नाही, त्यांच्या डबीत ठेवते. मग दुसऱ्या दिवशी तीच का नाही घेत? जाऊबाई, इतका सरळ प्रश्न मला आठ महिन्यांत एकदाही पडला नव्हता. मी रोज सकाळी गोळी तोडते, एक तुकडा तोंडात टाकते, एक तुमच्या डबीत टाकते, आणि चहाला लागते. (डबी कधीच भरली. सध्या तुमच्या नावाने बिस्किटांचा डबा चालू आहे.) मी तिला म्हटलं, अहो, ती माझी नाही, जाऊबाईंची आहे. रांगेतला एक काठीवाला म्हातारा फिसकन हसला. मी असं वळून बघितलं की त्याने काठीकडेच बघायला सुरुवात केली. बाईने मात्र गोळ्या दिल्या नाहीत. नवी चिठ्ठी आणा म्हणाली.

म्हणून डॉक्टरांकडे गेले, तर आगीतून फुफाट्यात. ब्लडप्रेशर वाढलेलं. डॉक्टर म्हणाले, गोळी नीट घेता ना? मी म्हटलं, एक दिवस चुकवला नाही. तुमच्या डब्याचं सांगितलं, तर तो बघायला मागितला. (नेला होता. सोडून कुठे जाणार?) त्यांनी टेबलावर तुकडे ओतले, चष्मा सारखा केला आणि बोटाने एकेक तुकडा बाजूला सारून बघितला. तुम्ही अंगठ्याच्या नखाने टचकन दोन सारखे तुकडे करायच्या. माझ्या हाताला ते जमत नाही. एक मोठा होतो, एक चुरा. आणि मोठा तुकडा थोरलीच्या ताटात, धाकटीने उरलेलं घ्यायचं, हे हाताला इतकं बसलंय की आठ महिने मोठा तुकडा तुमच्या डब्यात गेला आणि मी चुरा खाल्ला. डॉक्टर म्हणाले, बाई, तुमच्या जाऊबाईंचं ब्लडप्रेशर या डब्यात अगदी उत्तम आहे. मला हसू आलं आणि लगेच रडू आलं. दोन्ही एकदम आलं की माणूस फार विचित्र दिसतं, त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला.

पण खरी फजिती पुढेच आहे, आणि ती लिहायला मला लाज वाटते. कंपनीतून फोन आला. एक मुलगी, आवाज गोड, प्रश्न तिखट. कार्डावरच्या दुसऱ्या बाई त्याच पत्त्यावर राहतात का? मी म्हटलं, राहतात. मग त्यांना द्या फोन. आता काय करता! मी फोन टेबलावर ठेवला, दोन पावलं वाजवली, उचलला, तुमच्यासारखी आधी खोकले आणि तुमच्या आवाजात म्हटलं, बोला, काय काम आहे? पुढे मला आवरेचना. म्हाताऱ्या माणसांना पायऱ्या चढायला लावता, लाजा नाही वाटत? अक्षर मुंगीएवढं छापता, ते कोणी वाचू नये म्हणूनच ना? पोरीची बोबडी वळली, सॉरी सॉरी करत तिने फोन ठेवला. आणि मी, जाऊबाई, फोन हातात धरून तशीच उभी राहून तुमच्याच आवाजात म्हणत राहिले, गॅस बंद केलास का, पदर ओला आहे तो बदल आधी, जेवलीस का वेळेवर? आठ महिन्यांत या घरात मला कोणी इतकं रागावलं नव्हतं. फार बरं वाटलं. मग फारच वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी मीच त्या मुलीला फोन करून खरं काय ते सांगितलं. म्हटलं, कालच्या खोकल्यासकट सगळी मीच होते. तिने कुणाला काही कळवलं नाही, फक्त एक फॉर्म पाठवला. दुसरी व्यक्ती इथे राहते किंवा नाही, एवढाच रकाना भरायचा. नाही लिहिलं की कार्डावर माझं एकटीचं नाव राहील. मग पाचची गोळी माझ्यापुरती पहिल्या पायरीच्या भावात देतील, तशी परवानगी डॉक्टर मिळवून देणार आहेत. तोडायला नको, चुरा नको, सगळी सोय. मला ती सोय नको आहे.

बाकी सर्व क्षेम. नातवाला गालगुच्चा.

तुमची,
धाकटी

ता. क. फॉर्म पंचवीस तारखेच्या आत द्यायचा आहे. पण त्यासाठी धावपळ करू नका. चिरंजीवांच्या विम्याची यादी मी त्यांच्याकडून मागवून वाचली. तुमचे डोळ्यांचे थेंब तिथे पहिल्या पायरीवर आहेत, इथे तिसऱ्या. डोळे महत्त्वाचे. मी आपली माहिती म्हणून लिहिलं.

ता. क. २. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? तुम्ही निघताना मी दारात म्हणाले होते, खुशाल जा, माझं काही अडत नाही. ते खोटं होतं. सगळं अडलंय. थेंबांसाठी वाटेल तितक्या परवानग्या मी काढीन, आता मला सगळं येतं. या.

ता. क. ३. येणार असाल तर फक्त गाडीची वेळ कळवा, मी स्टेशनवर असेन. येणार नसाल तर पत्र लिहू नका. चोवीस तारखेपर्यंत तुमचं काही आलं नाही तर रकान्यात 'नाही' मी माझ्या हाताने लिहीन. तुमच्या अक्षरातलं मला वाचायला लावू नका.