यंदा प्रश्न फिरले

१९ एप्रिल १९३८, भोर
हिशेबतपासणीच्या परीक्षेला तिसऱ्यांदा बसतोय. किकवीच्या सासऱ्यांचं एकच पालुपद, "पास व्हा, मंग पोरगी धाडतो." लग्नाला दोन वर्षं झाली. बायको माहेरी, मी खानावळीत. आमटीत डाळ शोधावी लागते.

शेजारचे दत्तोपंत फार पूर्वी पास झालेले. जुने पेपर कपाटात, कुलपात. म्हणाले, "प्रश्न फिरून फिरून तेच. तपासनिसाची कर्तव्यं सांगा, गुण सांगा. घोकून टाक." टाकले. झोपेतही बडबडतो म्हणे.

८ मे, पुणे
घात! कर्तव्यं नाहीत, गुण नाहीत. कोठीवाला म्हणतो कोठारात धान्य आहे, तुम्ही खात्री कशी कराल? 

मग मार्गासनी गावचं खळं आठवलं. सुगीत कचेरीतल्या साहेबांबरोबर भाताची रास मापायला गेलो होतो. बुटांसकट खळ्यात शिरलो आणि पहिल्या मापाला "एक" म्हणालो. म्हातारा कडाडला, "पायतान काडा आदी! आन एक न्हाई, लाभ म्हना! मापताना बोलू न्हाई!"

तेच लिहिलं, मोडक्या इंग्रजीत. तपासनिसाने पादत्राणे काढावीत. पहिले माप लाभ म्हणून मोजावे. रास संपेपर्यंत मौन पाळावे. काय हे लिहून बसलो...

१० मे, भोर
दत्तोपंतांनी कपाळाला हात लावला. "अरे, पायताण कुठल्या पुस्तकात आहे?" मग चष्मा लावून पेपर वाचला. पुन्हा वाचला. हळूच म्हणाले, "हा मलाही आला नसता." पेपर कपाटात ठेवला आणि कुलूप लावायचं विसरले.

२ जून
दारात बायको! ट्रंक घेऊन, मामाच्या गाडीतून, वडलांना न विचारता.
"अगं, निकाल कुठं लागलाय अजून?"
"ठावं हाय. नापास झाला तर मला माघारी धाडाल व्हय?"
हाही प्रश्न जुन्या पेपरांत नव्हता. नाही म्हणालो, लगेच म्हणालो. फार बरं वाटलं. खानावळ बंद. पिठलं-भाकरी.

५ जून
सासऱ्यांचा निरोप : उद्या येतोय. निकालाचा पत्ता नाही. नेहमीचाच प्रश्न विचारतील की यंदा नवा? सकाळपासून उत्तरं जुळवतोय. बायकोला मार्गासनीची हकिकत सांगून ठेवलीय, ती चुलीपुढून हसते.
"आदी पायतान काडून आत तरी येऊ द्या त्यास्नी. मंग बगू."