गळालेल्यांची सरासरी

सोमवार, ३ जून

विभागप्रमुख सरांनी बोलावलं. पहिल्या वर्षाला प्रोग्रॅमिंग कुठल्या भाषेतून सुरू करायचं, सी की पायथन, हे मी तपासून सांगायचं. बैठक महिनाअखेरीस. "तू नवी आहेस, कुणाच्या बाजूची नाहीस," म्हणाले. सर स्वतः वर्षानुवर्षं सी शिकवतात. माझी नोकरी कायम करायची शिफारसही तेच करणार. बाजूची नाही म्हणे!

घरी सांगितलं. आई म्हणाली, "एक धड शिकवायची सोडून यंत्राला इतक्या भाषा कशाला?" बाबा म्हणाले, "आधी कायम हो, मग निवड काय ती."

मंगळवार, ४ जून

सुट्टीत नवख्या मुलांचा प्रोग्रॅमिंगचा वर्ग घेतेय, त्याच्या दोन बॅच केल्या. एकीला सी, दुसरीला पायथन. शिकवणार मीच, गणितंही तीच. कुणाला झुकतं माप नको.

सोमवार, १० जून

आजचं गणित – दिलेल्या आकड्यांतला सगळ्यात मोठा शोधा. पायथनवाल्यांनी भाषेतच असलेलं तयार फंक्शन लावून एका ओळीत उरकलं. "आत काय होतं?" विचारलं तर एकमेकांकडे बघायला लागले.

सीवाले घामाघूम. बहुतेकांनी सुरुवातीला 'आतापर्यंतचा मोठा' म्हणून शून्य धरलं होतं. मी मुद्दाम सगळे उणे आकडे दिले. उत्तर आलं शून्य! "मॅडम, हा कुठून उपटला? हा तर दिलेलाच नाही," मागच्या बाकावरचा उंच मुलगा म्हणाला. खूप वेळ डोकं धरून बसला, मग त्याचं त्यालाच कळलं. काय चेहरा झाला होता त्याचा.

मला नक्की काय मोजायचंय – लवकर आलेलं उत्तर, की तो चेहरा?

शुक्रवार, २१ जून

चाचणी झाली. सीची सरासरी बरीच वर. सरांना लगेच सांगून टाकलं. सर खुलले. "मी काय म्हणत होतो? बरं, तुझ्या कायम होण्याचं आता बघतो."

शनिवार, २२ जून

मी कायम होणार, असं बाबा शेजाऱ्यांना सांगून आले. मला मात्र चैन नाही. इतकं सरळ कसं निघालं?

सोमवार, २४ जून

बसथांब्यावर सीच्या बॅचमधली मुलगी दिसली. मला बघून तोंड फिरवलं. मीच जवळ गेले.

"मी सोडलं, मॅडम. एक सेमीकोलन राहिला तर पानभर चुका दाखवतं ते. वाटलं, आपल्या डोक्याचं काम नाही. घरी कुणी शिकलेलं नाही, विचारणार कुणाला?"

कॉलेजात येऊन पुन्हा आकडे मांडले. सीची जवळजवळ निम्मी बॅच चाचणीआधीच गळाली होती. सुट्टी आहे, येतील नंतर, म्हणून रिकाम्या बाकांकडे मी लक्षच दिलं नव्हतं. पायथनचे बहुतेक सगळे होते. मी फक्त उरलेल्यांची सरासरी काढली. कच्चे गळाले म्हणून सरासरी चढली, आणि मी शाबासकी दिली भाषेला.

मंगळवार, २५ जून

सरांच्या दारापर्यंत जाऊन दोनदा परत फिरले. शेवटी गेले. "सर, माझा निष्कर्ष चुकला."

ऐकून घेतलं. मग म्हणाले, "जे गेले ते पुढेही टिकले नसते."

"मीही पहिल्या वर्षी सोडणार होते, सर. बाबांना काय सांगू, या भीतीनं राहिले." हे कसं तोंडातून गेलं कोण जाणे.

सर पेनाचं टोपण काढत-लावत बसले. "बैठकीत मांड." शिफारशीबद्दल चकार शब्द नाही. मीही विचारलं नाही.

शुक्रवार, २८ जून

मांडलं. सुरुवात पायथननं, पण सगळ्यात मोठा आकडा प्रत्येकानं आधी स्वतः शोधायचा, तयार फंक्शन नंतर. मंजूर झालं. सर बाजूनं बोलले नाहीत, विरोधातही नाहीत. पहिल्या वर्षाचा तास मात्र त्यांनी स्वतःकडेच ठेवलाय.

बाबांना अजून सांगितलं नाही.

सोमवार, १ जुलै

दुपारी सर स्वतःची खुर्ची उचलून माझ्या टेबलाशी आले. आधी दार लोटून घेतलं. "मला येत नाही ते पायथन. पहिल्या ओळीपासून शिकव. आणि मध्येच सोडायला लागलो, तर जाऊ देऊ नकोस."