थंडाईतलं केशर

अहो,

तुम्हाला पत्र लिहायची माझी ही पहिलीच खेप. तुम्ही होता तेव्हा कधी गरजच पडली नाही. मी गडहिंग्लजला माहेरी गेले की चार दिवसांत तुम्ही एसटीनं न्यायला हजर, आणि वर आईला सांगायचात, "सहज आलतो की." आता तुम्हाला जाऊन वर्षं लोटली. पण या आठवड्यात असं काही कळलंय की ते आधी तुम्हाला सांगितल्याशिवाय मला घास गोड लागेना. तेव्हा ऐका, आणि मधे बोलू नका.

तुम्ही गोळ्या चुकवल्या नव्हत्या. आजवर हे मी एकटी म्हणत होते. आता तपासणी करणारे म्हणतात.

आठवतंय ना? सकाळी चहा झाला की मी तुमच्यासमोर क्षयाच्या गोळ्या घेऊन उभी. गिळल्या की तोंड उघडायला लावायची, जीभ वर करून बघायची. तुम्ही म्हणायचात, "पोलीस हाईस व्हय गं?" पोलीसच होते मी. एक दिवस चुकू दिला नाही. तरी खोकला हटेना, वजन राहीना. सरकारी दवाखान्यातल्या माणसानं कागदावरून मान वर न करता सांगितलं, "गोळ्या मधनंच सोडल्या की असंच व्हतंय." मी भांडायला तोंड उघडलं तर तुम्ही माझा पदर ओढून मला बाहेर आणलंत. का हो? एकदा तरी म्हणायचं होतंत की मी सगळ्या गोळ्या घेतल्यात!

तुम्हाला पंचगंगेवर पोहोचवून माणसं परत आली आणि तुमच्या आईनं, म्हणजे आत्तींनी, सगळ्या बायकांसमोर माझ्याकडे बोट केलं. "माझ्या लेकाला हिनं गोळ्या दिल्या असत्या तर त्यो मेला असता व्हय?" त्या दिवसापासून आम्ही एका घरात राहतो, एका चुलीवरचं खातो, आणि ते वाक्य आमच्या दोघींच्या मधे बसलेलं असतं. मी उलट बोलले नाही असं समजू नका. बोलले. पुष्कळ बोलले. पण माझ्या शब्दापलीकडे माझ्याकडे पुरावा काय होता?

पुरावा आता आला. शेवटच्या वर्षी डॉक्टरांनी तुमचा बेडका मोठ्या शहरात तपासायला पाठवला होता. तुमचा रोग औषधाला दाद देत नाही, एवढंच तिकडून कळलं, आणि तेही तुम्ही गेल्यावर. मला वाटलं, तो बेडका कधीच फेकून दिला असेल. तर नाही. त्यातले जंतू त्यांनी गोठवून जपून ठेवले होते. तुमचा एक सदरा मी ठेवला, तुमचे जंतू त्यांनी ठेवले. मला हसावं का रडावं कळेना.

तिथल्या एक बाई घरी आल्या होत्या, तरुण, चष्मेवाल्या. त्यांनी मला नीट समजावलं. म्हणाल्या, जंतू वाढतो म्हणजे स्वतःची नक्कल काढतो, आणि लाखो नकला काढताना कुठंतरी एखादी चूक होते. एखादी चूक अशी असते की त्या जंतूवर गोळी चालतच नाही. औषध पुरेसं पडलं, बरोबरीनं दुसरीही औषधं असली, तर तोही मरतो. अपुरं पडलं की बाकीचे मरतात, हा दांडगा तेवढा उरतो, आणि पुढची सगळी पैदास त्याचीच.

"म्हणजे जंतूंचीपण भावकी असते," मी म्हटलं.

"अगदी तसंच," त्या म्हणाल्या. "तुमच्या मालकांचे जंतू आणि यंदा पुन्हा तपासणीला आलेल्या, कोल्हापुरातल्याच एका जुन्या रुग्णाचे जंतू एका भावकीतले निघालेत. चूकही तीच, त्याच जागी. तो रुग्ण तुमच्या मालकांच्या कितीतरी आधी आजारी पडला होता. त्याच्याकडून यांना आले ते पहिल्या दिवसापासून तसलेच आले. या गोळ्यांनी ते बरे होणंच शक्य नव्हतं."

मी त्यांना पुन्हा सांगायला लावलं, आत्तींना हाक मारून, त्यांच्या समोर.

त्या रुग्णाचं नाव बाईंनी सांगितलं नाही. नियम आहे म्हणे. त्यांनी फक्त विचारलं, तुमचे मालक दिवसभर कुठं असायचे? मी म्हटलं, तालमीत. कुस्ती कधी खेळले नाहीत, अंगात मूठभर मांस नव्हतं, पण पैलवानांचा खुराक यांच्या हातचा. बदाम घोटायचे, थंडाई करायचे, कुस्त्यांचा हंगाम असला की तिथंच झोपायचे. बाईंनी विचारलं, तिथं खिडक्या किती? एक, मी म्हटलं, आणि तीही बंद. जोर मारून घामेजलेल्या अंगाला वारं लागू नये म्हणून पहिलं काम खिडकी लावायचं. बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. मलाही पुढचं कुणी सांगायची गरज उरली नाही. तुमच्या आधी त्या तालमीत क्षयाच्या गोळ्या चालू झालेला एकच माणूस मला माहीत होता. तुमचा जिवाभावाचा हिंदुराव पैलवान. त्यानं गुपचूप तुम्हाला सांगितलं होतं आणि तुम्ही गुपचूप मला.

दुसऱ्या दिवशी मी बसनं गडमुडशिंगीला, त्याच्या घरी गेले. खोटं कशाला बोलू, भांडायलाच गेले होते. गोळ्या यानं सोडल्या आणि मेला माझा माणूस, हे त्याच्या तोंडावर म्हणायचं होतं.

हिंदुराव ओळखू आला नाही हो. दारात मावत नव्हता तो माणूस, आता बाजल्यावर चादरीखाली कुणी आहे की नाही अशी शंका यावी. नवीन औषधं चालू आहेत, रोज इंजेक्शन, कान वाजतात म्हणाला. मला बघून आधी म्हणाला, "वैनी, ती खिडकी उघडा आन् लांब बसा." मग स्वतःच म्हणाला, "त्यो माझ्यामुळं गेला, व्हय न्हवं? ती चष्मेवाली बाई हितंबी येऊन गेली."

"गोळ्या का सोडल्या तुम्ही?" मी विचारलं.

"सोडल्या न्हवत्या वैनी. रोज घेत हुतो. थंडाईतनं."

आणि मग त्यानं सांगितलं. क्षय झालेल्या पैलवानाशी कोण जोड धरणार? वस्तादांच्या डोळ्यांदेखत गोळ्या गिळायच्या तरी कशा? तेव्हा तुम्हीच म्हणालात, "आन हिकडं. बदामात घोटतो. कुनाला पत्ता लागायचा न्हाई." सकाळी तुम्ही त्याच्या गोळ्या आणि त्या लाल कॅप्सूलमधली पूड थंडाई घोटायच्या दगडी कुंडीत टाकायचात, आणि बदामाबरोबर घोटायचात.

अहो, पण तालमीत थंडाई एकट्यानं पितात का कधी? तुम्हीच मला अभिमानानं सांगायचात. एकच पातेलं, वस्तादांपासून काल भरती झालेल्या पोरापर्यंत सगळ्यांना सारखा पेला. तालमीत दुजाभाव नाही. मग हिंदुरावच्या वाट्याला त्या औषधातलं राहिलं काय? सगळ्या तालमीला घोट घोट औषध, आणि ज्याला रोग त्यालाही घोटच.

मला एकदम तो सदरा आठवला. आपली राणी पोटात होती तेव्हाचा. तुमच्या बाहीला तांबूस डाग पडले होते, धुऊन निघेनात. मी विचारलं तर म्हणालात, "थंडाईत केशर घालतोय हल्ली." मी म्हटलं, मग मला दोन काड्या आणा की, गरोदर बाईला केशर द्यावं. तुम्ही विषय बदललात. मी रुसले होते, आठवतं? मला वाटलं, पैलवानांना केशर आणि बायकोला नाही. त्या रुसव्याचं मला आता काही वाटत नाही. वाटतं ते एवढंच की त्या दिवशी तुम्ही मला खरं सांगायला हवं होतं. मी आरडाओरडा केला असता, तालीम डोक्यावर घेतली असती, हिंदुरावची लाज गेली असती. पण तुम्ही असता हो. राणीच्या लग्नात असता.

तो दांडगा जंतू तुम्ही तुमच्या हातानं घोटून तयार केलात, मित्राची अब्रू राखायला. आणि बंद खिडकीआड त्याच्याच शेजारी झोपलात. तुमचा राग येतो, आणि राग आला की लगेच रडू येतं. कुणावर ओरडू?

इकडे आत्ती बदलल्यात. बाई येऊन गेल्यापासून गल्लीत जो भेटेल त्याला सांगतात, "माझ्या लेकाचा काय बी दोष न्हवता. माझ्या सुनंचा बी न्हवता." काल माझ्या ताटात त्यांनी स्वतः भाकरी वाढली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. त्यांना पुढचं काही माहीत नाही. मी सांगितलं नाही तर कधी कळणारही नाही. हिंदुराव दुसऱ्या कुणापाशी बोलणार नाही, त्यानं तशी शपथ घेतली होती तुमच्यापाशी. मला सगळं मिळालंय हो, तुमचं नावसुद्धा. आता गप्प बसायचं एवढंच.

पण निघताना हिंदुराव म्हणाला, "वैनी, तुमच्या मालकांची ती युक्ती हाताखालच्या पोरांनी बघून उचलली, तालमीत अजून चालू हाय. कुनाला कसली बी गोळी असू दे, कुंडीतच जाती. खुराकवाल्यानंच काढलेली रीत हाय म्हनत्यात." तुमची आठवण म्हणून पाळतात ती रीत. प्रेमानं. आणि हिवाळ्यापासून तिथं कुणीतरी खोकतंय म्हणे.

ज्यानं ही रीत काढली तोच तिच्यापायी मेला, हे सांगितल्याशिवाय ती पोरं ऐकायची नाहीत. दवाखान्यातला माणूस सांगून गेला तर हसतील. तुमचं सांगितलं तर ऐकतील.

तालमीच्या उंबऱ्याआत बाईमाणसानं पाऊल टाकायचं नाही, मला माहीत आहे. नाही टाकणार. उद्या पोरं थंडाईला बसतात त्या वेळी बाहेर उभी राहीन, आधी ती खिडकी उघडायला लावीन, आणि सगळं सांगीन. कुणी घोटलं, कुणासाठी, आणि त्यानं कोण मेलं. त्यानंतर आत्ती मला भाकरी वाढतील असं वाटत नाही. तुमचं नाव मी आजवर उखाण्यातच घेतलं, तेही लाजत. उद्या उखाण्याशिवाय घेईन, कोपऱ्यातल्या शेवटच्या पोराला ऐकू जाईल असं. रागावायचं असेल तर रागवा. मी तुम्हाला शब्द देते, घेईन.

तुमचीच,
शालन