उल्टे हाथ को ऑटो

पुणे,
६ नोव्हेंबर २०२४

तीर्थस्वरूप काकांस,
तेजश्रीचा शि. सा. न. वि. वि.

यंदा आपल्या घरी दिवाळी नाही, म्हणून शुभेच्छा लिहीत नाही. आईने पाठवलेला फराळाचा डबा पोचला, पण तुम्ही त्याचं झाकणही उघडलं नाहीत, असं सुजातावहिनी म्हणाल्या. चकली मऊ पडायच्या आत उघडा. आई विचारते आहे.

फोन केला असता. पण फोनवर तुम्ही बोलता आणि आम्ही ऐकतो, माझं विचारायचं राहूनच जातं. पत्र मध्ये तोडता येत नाही, म्हणून हा मार्ग.

चाकणच्या कारखान्यात मी नेमकं काय करते, असं काकू दर वेळी विचारायच्या. सांगायचं तर, नवी गाडी बाजारात यायच्या चार-पाच वर्षं आधी आम्ही गाडी चालवणाऱ्यांना विचारत फिरतो, की पुढच्या गाडीत तुम्हाला काय हवं? कोणाला उघडणारं छप्पर हवं असतं, कोणाला सीटमधून गार वारा. एका बाईंना पर्स ठेवायला जागा हवी होती. गाडी बनवणाऱ्या एकाही माणसाने आजवर बायकोची पर्स पाहिलेली नाही, असं त्यांचं ठाम मत. आमच्या साहेबांना चाळिशीच्या आतली उत्तरं हवी असतात. मी म्हटलं, माझे एक काका हैदराबादला आहेत, गाडी आणि भाषण दोन्ही एकदम चालवतात, त्यांना विचारल्याशिवाय हे काम पुरं होणार नाही.

किशोरदादाने सांगितलं, की पुढच्या महिन्यापासून नातीला, प्रियूला, सुलतान बाजारात गाण्याच्या क्लासला तुम्हीच गाडीने नेणार. फार बरं वाटलं. श्रावणात काकू गेल्यापासून गाडी उभीच आहे आणि तुम्हीही.

लोभ आहेच. तो पत्राने कळवावा, एवढीच मागणी.

आपली,
तेजश्री


दिलसुखनगर, हैदराबाद,
१५ नोव्हेंबर २०२४

चि. तेजश्रीस,
काकाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा प्रश्न वाचून थोडा राग आला. त्याबद्दल तुझे आभार मानतो, कारण हल्ली मला काही येत नाही. रडू येत नाही, भूक येत नाही, झोप येते पण ती झोपेसारखी नसते. चकली खाल्ली. चांगली असावी.

तुझ्या साहेबांना माझ्या नावाने सांग. गाडीला बोलता येतं याचा तुम्हाला अभिमान वाटतो. बोलणाऱ्यांची या देशात कधी टंचाई होती? मी स्वतः हुंड्याविरुद्ध बोललो, गिरणीच्या फाटकावर बोललो, चाळीस वर्षं वर्गात बोललो. आता ऐकणारी गाडी काढा. हॉर्न जितका बाहेर वाजतो तितकाच आत, चालवणाऱ्याच्या कानाशी वाजला पाहिजे. हा एवढा बदल करा आणि मलकपेटचा रस्ता आठ दिवसांत देवळासारखा शांत झाला नाही तर मला येऊन सांगा. समोरून माणूस चालत आला की मोठा दिवा आपोआप खाली झुकावा, कारण आपला नागरिक स्वतःहून काही झुकवत नाही. मागून सायकल येत असेल तर दाराने उघडायला नकार द्यावा. बेगम बाजारात हातगाडी ओढणाऱ्याला आपण रस्त्यातली अडचण समजतो. त्याच्या दृष्टीने अडचण कोण आहे? छप्पर उघडून तुम्ही आकाश दाखवणार. आधी रस्ता दाखवा. ज्या गाडीत बसून शेजारून चालणारा माणूस दिसत नाही, ती गाडी कितीही महाग असो, तिच्यात बसणारा गरीबच म्हणायचा.

असो. पूर्वी एवढं बोलून झालं की अंगात ऊब यायची. आज आली नाही.

आता मला स्वतःला काय हवं ते सांगतो. सरावासाठी दोन-तीनदा गाडी काढली. डावीकडून ऑटो येत नाहीत, उगवतात. मेट्रोच्या खांबांजवळून जाताना एक मोटरसायकलवाला डाव्या काचेवर थाप मारून गेला. काय म्हणाला ते लिहिण्यासारखं नाही, दखनी मात्र उत्तम होती. आपल्याच फाटकाच्या खांबाने डावं दार खरवडलं. घरातही तेच. सुजाता चहा ठेवते, मला तो दिसत नाही, डावीकडे सापडेपर्यंत गार होतो. माणूस गेलं की मन बधीर होतं, त्याचा हा परिणाम. तुझी काकू गाडीत डावीकडे बसायची, जेवताना डावीकडे बसायची. आता ती सगळी बाजूच मेल्यासारखी झाली आहे.

तुम्ही मुलं तिला कंडक्टर म्हणायचात. चादरघाटच्या पुलावर मी राज्यघटनेवर बोलत असायचो आणि ही मध्येच डावीकडे बघत म्हणायची, "उल्टे हाथ को ऑटो है." मग थोड्या वेळाने, "खाली है, चलो." घरात मराठी बोलणारी बाई गाडीत बसली की बसवाल्यांची दखनी बोलायची. मला वाटायचं, माझं बोलणं तोडायचा मार्ग हिला उतारवयात का होईना सापडला.

तेव्हा लिहून घे. गाडीने डावीकडचं सांगावं. टूं-टूं नको, लाल दिवा नको, ते मला कळत नाहीत. माणसाने सांगावं तसं सांगावं. डावा आरसा मोठा असावा. पुढच्या काचेचा डावा खांब बारीक करा. डावीकडून कोणी येत असेल तर स्टिअरिंगने हाताला थोडं अडवावं, जसं कोणी मनगटावर हात ठेवतं.

प्रियूचा क्लास दोन तारखेला सुरू होतो. ती पुढे बसणार, काकूच्या जागेवर, असं तिने आधीच जाहीर केलं आहे.

आईबाबांना नमस्कार-आशीर्वाद. आमच्यावर आहे ती माया राहू दे.

तुझा काका,
लक्ष्मण


पुणे,
२१ नोव्हेंबर २०२४

तीर्थस्वरूप काकांस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र कुरिअरने पाठवते आहे. त्याआधी दादाला फोन केला. गाडीची बॅटरी उतरली असं त्याने तुम्हाला सांगितलं असेल. ती थाप मी शिकवली. चावी त्याच्या ऑफिसच्या बॅगेत आहे. रागवायचं असेल तर माझ्यावर रागवा, पण पत्र संपल्यावर.

तुमचं पत्र मी ऑफिसात वाचून दाखवलं. हॉर्न आतही वाजावा, हे सगळ्यांना आवडलं. साहेब मात्र हसले नाहीत. ते स्वतः फार हॉर्न वाजवतात.

पण काका, पत्राचा दुसरा अर्धा भाग मी कोणाला वाचून दाखवला नाही. तिथे तुम्ही जे मागितलंत ते सगळं डावीकडचं आहे. आरसा, खांब, आवाज, मनगटावरचा हात. दार डावं, चहाही डावीकडचा. गाडी चालवताना माणूस कुठे बघतो आणि त्याला काय दिसत नाही, हे मोजण्याचाच मला पगार मिळतो. दुःखाने माणूस बधीर होतो हे खरं. पण तो दोन्ही बाजूंनी होतो, एकाच बाजूने नाही.

आता मी सांगते ते करा. चष्मा तसाच ठेवा. उजव्या डोळ्यावर तळहात ठेवून तो पुरता झाका आणि पुढची ओळ वाचा.

काकूंना हे माहीत होतं.

आता हात काढा आणि पुढे वाचा.

तुम्हाला आठवत नसेल, पण पूर्वी आपण उदगीरला जायचो तेव्हा गाडी सुरू झाली की काकू झोपायच्या. तोंड उघडं ठेवून झोपायच्या आणि दादा त्यांना चिडवायचा. गेल्या चार-पाच वर्षांत मी त्यांना गाडीत एकदाही झोपलेलं पाहिलं नाही. त्या कंडक्टर झाल्या त्या तेव्हापासून. आणि जेवताना मीठ-लिंबू ताटात डावीकडे वाढायचं, हे आपल्या घरात शाळेआधी शिकवतात. तुमच्या ताटात मात्र काकू ते उजवीकडे वाढायच्या. आईने एकदा टोकलं, तेव्हा म्हणाल्या, असू दे, यांना असंच लागतं. चहाही त्या तुमच्या उजव्या हाताशीच ठेवायच्या. वहिनींना हे कोणी सांगितलं नाही, म्हणून त्या डावीकडे ठेवतात.

माझं चुकलं असेल तर डॉक्टर सांगतील आणि मी हैदराबादला येऊन तुमची माफी मागेन. पण ती भेट झाल्याशिवाय गाडी काढू नका. प्रियू तुमच्या डावीकडे बसणार आहे, काका.

रागावलात तरी लोभ कमी करू नये.

तुमची,
तेजश्री


दिलसुखनगर,
३० नोव्हेंबर २०२४

चि. तेजश्रीस आशीर्वाद.

ती ओळ मी वाचली नाही. ओळ नव्हतीच. कागदही नव्हता. थंडीत काचेवर धरतं तसं धुरकट काहीतरी होतं. मग हात काढला आणि वाचली.

किशोर घेऊन गेला. डॉक्टरीणबाई प्रियूपेक्षा थोडी मोठी वाटावी एवढी. एका यंत्रात तोंड घालायला लावलं आणि सांगितलं, ठिपका चमकला की बटण दाबा. डाव्या डोळ्याच्या वेळी ठिपके येईनात. मी म्हणालो, तुमचं यंत्र बंद पडलं आहे. ती म्हणाली, यंत्र चालू आहे आजोबा. काचबिंदू. दुखत नाही, खुपत नाही, उजवा डोळा दोघांचं काम करत राहतो आणि माणसाला पत्ता लागत नाही. गेलेली नजर परत येत नाही. राहिली आहे ती टिकवायला थेंब दिले आहेत.

किशोरला म्हटलं, चावी तुझ्याकडेच ठेव. चाळीस वर्षं गाडी चालवली. चावी देताना काहीतरी वाटेल म्हणून थांबलो. वाटलं नाही.

तुझ्या काकूने मला सांगितलं का नाही, याचा विचार करतो आहे. सांगितलं असेल. मी बोलत असेन.

तू बरोबर होतीस. त्याचा राग आहे, तो जाईल.

काका


पुणे,
१२ जानेवारी २०२५

तीर्थस्वरूप काकांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र नाही, म्हणून माझं कार्ड. वहिनी गाडी शिकल्या आणि प्रियूला आता त्याच नेतात, हे दादाने कळवलं. प्रियूची तक्रार अशी, की आजोबा आले तर मागे बसतात आणि सगळा रस्ता गप्प असतात, त्यामुळे गाडीत कोणी मेल्यासारखं वाटतं. पोरगी तुमच्यावर गेली आहे, तोंडाला झाकण नाही.

वहिनींना एकट्याने पुढे बसायची धास्ती वाटते. तुम्ही पुढे बसा, डावीकडे. मान वळवून उजव्या डोळ्याने बघता येतं, डॉक्टरांना विचारून घेतलं आहे.

तिळगूळ वेगळा पाठवला आहे. तो खावा आणि गोड नाही बोललात तरी चालेल, पण बोलावं.

तेजश्री


दिलसुखनगर,
२६ जानेवारी २०२५

चि. तेजश्रीस,
काकाचे अनेक आशीर्वाद.

काल पुढे बसलो. प्रियूने माझ्यासाठी जागा सोडली आणि त्याची किंमत म्हणून खिडकीची बाजू मागितली, जशी काही मागे दुसरी कोणी बसणार होती.

या गाडीत डाव्या सीटवर मी आजवर कधी बसलो नव्हतो. सगळं वेगळं दिसतं. कडेने चालणारी माणसं आपल्या अंगावरून जातात. ऑटो गुडघ्याशी येतो. मी सुजाताला सांगायला लागलो, की रस्ता हीच खरी लोकशाही. ती म्हणाली, बाबा, भाषण नक्को, रस्ता सांगा. ही पोरगी माहेरी तोंड वर करून बोलत नव्हती. तुझ्या काकूने तिला तयार केलं आहे.

मग मान वळवून रस्ता सांगितला. पहिल्यांदा मराठीत सांगितला, डावीकडे ऑटो आहे म्हणून. वाक्य संपेपर्यंत ऑटो पुढे निघून गेला होता. तुझी काकू दखनी का बोलायची ते तेव्हा कळलं. मलकपेटपासून मी पण "उल्टे हाथ को" सुरू केलं. मागून प्रियू म्हणाली, नवा कंडक्टर चढला.

चादरघाटच्या पुलावर समोरची बस एकदम थांबली. सुजाताने ब्रेक मारला, गाडी वेळेवर थांबली. माझाही उजवा पाय खाली दाबला गेला होता. कशात तरी अडकला, म्हणून वाकून पाहिलं. रबराची मॅट आहे. सगळी धड आहे, फक्त उजव्या पायाखाली झिजून तिला भोक पडलं आहे. खालचा पत्रा दिसतो. टाच टेकते तिथे वेगळी खूण आहे आणि चवडा दाबतो तिथे भोक. मी इतकी वर्षं चालवायला बसलो त्या बाजूची मॅट नंतर पाहिली. खऱ्या ब्रेकखाली ती एवढी झिजलेली नाही.

मी राज्यघटनेवर बोलत असताना ती इथे बसून ब्रेक मारत होती.

तुझ्या साहेबांना माझी आधीची सगळी मागणी रद्द झाली म्हणून कळव. हॉर्नची तेवढी ठेव. बाकी एकच हवं. डाव्या सीटपुढे ब्रेक द्या. गाडी शिकवणाऱ्यांच्या गाडीत असतो तसा, खरा, दाबला की गाडी थांबेल असा. साहेब म्हणतील, तिथे बसणाऱ्याला त्याचा काय उपयोग? त्यांना म्हणावं, घरी जाऊन आधी आपल्या गाडीतली त्या बाजूची मॅट उचलून बघा.

किशोर नवी मॅट आणतो म्हणाला. नको म्हटलं.

सुलतान बाजार येईपर्यंत पाय तिथेच ठेवला होता. उतरताना तो बधीर झालेला होता. टेकवला तर जमीन लागेना. सुजाताच्या खांद्याला धरून दुकानाच्या पायरीवर बसलो. प्रियू क्लासला गेली. थोड्या वेळाने पायात मुंग्या यायला लागल्या. फार आल्या.

इकडे ये. लोभ समोर बसून करावा म्हणतो.

तुझा काका,
लक्ष्मण